प्रश्न तुमचे : टॅक्सीचालकांचा मेंदू आणि एका संशोधिकेचा पाठपुरावा

गेल्या अंकात मी एलेनोर मॅग्वायर यांच्यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या या आयरिश मेंदूशास्त्रज्ञ. जिवंत माणसाच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन स्मरणशक्तीचा शोध घेण्यात त्यांची सगळी कारकीर्द गेली. ४ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी त्या गेल्या. मीही याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे ते टिपण लिहिताना मन जड झालं होतं. त्यावर पुष्कळ पत्रं आली. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही; ज्यांच्या उत्तरांतून इतरांच्याही शंका फिटतील अशी पाच निवडली आहेत.

लंडनच्या टॅक्सीचालकांनी रस्ते पाठ केले म्हणून त्यांच्या मेंदूतला एक भाग वाढला, असं आपण लिहिलंत. हे वर्गात सांगितल्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, उलटं पण असेल ना? ज्यांचा मेंदू आधीच तसा असतो, तेच टॅक्सीचालक होत असतील.” मला उत्तर देता आलं नाही. – एक शिक्षिका, मिरज

त्या मुलीचं माझ्यातर्फे मनापासून कौतुक करा. टॅक्सीचालकांवरचा मॅग्वायर यांचा २०००चा शोधनिबंध वाचून जगभरच्या शास्त्रज्ञांनी विचारलं ते तिनं नववीत विचारलं. मॅग्वायर यांची थोरवी मला इथेच दिसते. या प्रश्नाचा त्यांनी ११ वर्षं पिच्छा सोडला नाही.

आधी त्या परीक्षेबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर ‘द नॉलेज’ नावाची परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉस या मध्यवर्ती ठिकाणापासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरची हजारो ठिकाणं डोक्यात बसवायची. उमेदवार तीन-तीन, चार-चार वर्षं स्कूटरला नकाशा लावून गल्लीबोळ पालथे घालतात. मग तोंडी परीक्षा. परीक्षक दोन ठिकाणांची नावं घेतो आणि उमेदवारानं नकाशाकडे न बघता मधला जवळचा रस्ता म्हणून दाखवायचा. अमक्या रस्त्यानं निघायचं, तमक्या नाक्यावर डावीकडे, चौक ओलांडून सरळ, मग उजवीकडे. एकूण एक वळण आणि एकूण एक रस्त्याचं नाव. अशा तोंडी परीक्षा एकदाच नाही, पुन्हापुन्हा होतात.

ही परीक्षा पास झालेले १६ चालक मॅग्वायर यांनी एमआरआयमध्ये घेतले आणि टॅक्सी न चालवणाऱ्या ५० पुरुषांच्या प्रतिमांशी तुलना केली. त्यांना बघायचा होता तो हिप्पोकॅम्पस. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना असलेला, आठवणींशी निगडित असा करंगळीएवढा भाग. चालकांमध्ये त्याचा मागचा भाग मोठा निघाला आणि पुढचा लहान. टॅक्सी चालवण्यात जितकी वर्षं गेली, तितका उजवीकडचा मागचा भाग अधिक मोठा. मोजणी दोन तऱ्हांनी झाली, एकदा संगणकानं आणि एकदा माणसानं. एकेक छेद बघून मोजणाऱ्या त्या माणसाला समोरची प्रतिमा चालकाची आहे की इतर कोणाची, हे सांगितलेलंच नव्हतं.

मग शंका आल्याच. दिवसभर गाडी चालवणं, गर्दी, ताण, बैठं काम, यांमुळेच हा फरक पडला असेल तर? म्हणून २००६ साली त्यांनी लंडनचे बसचालक घेतले. तेच शहर, तीच गर्दी, तितकाच अनुभव. फरक इतकाच, की बसचा मार्ग ठरलेला. बसचालकांमध्ये टॅक्सीचालकांसारखा मागचा मोठा भाग दिसला नाही आणि नोकरीच्या वर्षांशीही काही संबंध दिसला नाही. म्हणजे स्टिअरिंगचा हा परिणाम नव्हता.

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तरीही उरतोच. तो सोडवायचा एकच मार्ग होता : माणसं टॅक्सीचालक होण्याआधीच गाठायची. मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन वूलेट यांनी नुकती तयारी सुरू केलेले ७९ उमेदवार शोधले, त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, आणि मग थांबले. तीन-चार वर्षं. त्यांपैकी ३९ जण पास झाले. त्यांना, नापास झालेल्या वा मध्येच सोडलेल्यांपैकी २० जणांना आणि अशी तयारी कधीच न केलेल्या ३१ जणांना पुन्हा बोलावलं. सुरुवातीला या तिन्ही गटांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये फरक नव्हता. शेवटी वाढ दिसली ती फक्त पास झालेल्यांत. हा निबंध २०११चा. पास झालेल्यांनी आठवड्याला नापासांच्या जवळजवळ दुप्पट वेळ अभ्यासाला दिला होता, हेही त्यात आहे.

मुलगी चाणाक्ष दिसते, तेव्हा ती पुढे विचारेल, “पण वाढण्याची क्षमता काहींच्यातच जन्मजात असेल तर?” तो कोपरा अजून उघडा आहे आणि मॅग्वायर यांनीही तो झाकून ठेवला नाही.

एक विनंती. ‘हिप्पोकॅम्पस मोठा म्हणजे माणूस हुशार’ असं वर्गात सांगू नका. त्याच चालकांना एखादी गुंतागुंतीची आकृती दाखवून अर्ध्या तासानं आठवून काढायला सांगितली, तर ते इतरांपेक्षा मागे पडत. एका ठिकाणी मिळवलं ते दुसऱ्या ठिकाणी थोडं गमावलं. स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धा गाजवणाऱ्यांचे मेंदूही मॅग्वायर यांनी तपासले. त्यांची रचना चारचौघांसारखीच होती. ते लोक फक्त ओळखीच्या रस्त्यावर एकेक गोष्ट मनानं ठेवत जायची जुनी युक्ती वापरत होते. पुढे त्यांच्याच गटानं २१७ सर्वसामान्य माणसं तपासली, तेव्हा हिप्पोकॅम्पसचा आकार आणि स्मरणशक्ती यांत धड संबंध सापडला नाही. हा निष्कर्षही त्यांनी तितक्याच ठळकपणे छापला. ज्या आकारानं त्यांना जगभर नाव मिळवून दिलं त्याचीच मर्यादा त्यांनी स्वतः दाखवून दिली, याचा मला फार आदर वाटतो.

मी मुंबईत ३१ वर्षं काळी-पिवळी चालवली, आता गावी असतो. आजही डोळे मिटले की सायनपासून काळबादेवीपर्यंतचा प्रत्येक सिग्नल दिसतो. मेंदूचा हा भाग खराब झाला तर माणूस रस्ते विसरतो का? – एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

काका, तुमच्या पत्रानं फार आनंद झाला. तुमचा हाच प्रश्न मॅग्वायर यांनी एका टॅक्सीचालकाच्या मदतीनं सोडवला. शोधनिबंधात त्यांचा उल्लेख टी. टी. एवढाच आहे. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस निकामी झालेले, कित्येक वर्षं लंडनमध्ये टॅक्सी चालवलेले गृहस्थ.

त्यांना खऱ्या रस्त्यावर तपासणं शक्य नव्हतं. पण त्या सुमारास एक व्हिडिओ गेम आला होता, त्यात मध्य लंडनचे रस्ते बरेचसे हुबेहूब उतरवले होते. मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच घेतला. टी. टी. आणि त्यांच्या वयाचे इतर चालक पडद्यावर गाडी चालवू लागले.

टी. टीं.ना प्रसिद्ध इमारती ओळखता आल्या. कोणतं ठिकाण कोणत्या दिशेला हेही सांगता आलं. मोठ्या हमरस्त्यांवरून, ज्यांना तिथे ‘ए’ रस्ते म्हणतात, ते बरोबर जात. हमरस्ता सोडून आतल्या रस्त्यांना लागायची वेळ आली की मात्र ते हरवत. म्हणजे शहराचा सांगाडा हिप्पोकॅम्पसशिवायही शाबूत राहिला होता. बारकावे गेले होते.

तेव्हा काका, लालबाग-परळचा मुख्य रस्ता आणि त्याच्या मागच्या चाळींमधली वाट, या दोन्ही तुमच्या डोक्यात एकाच तऱ्हेनं साठवलेल्या नसाव्यात. तुमच्यासारख्या मुंबईच्या चालकांचा असा अभ्यास व्हावा असं मला मनापासून वाटतं. इथे तशी पाठांतराची परीक्षा नव्हती, सगळं धंद्यात पडूनच शिकलेलं.

माझं वय ७१. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये ‘एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी’ लिहिलं आहे. मी रस्ते पाठ करायला घेऊ का? आणि माझा नातू कोपऱ्यावर जायलाही मोबाइलवरचा नकाशा लावतो, त्याचा मेंदू आक्रसेल का? – निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

वयाबरोबर मेंदूचं आकारमान थोडं थोडं कमी होतं. रेडिओलॉजिस्टला तसं दिसलं की तो ते शब्द लिहितो. सत्तरीच्या रिपोर्टमध्ये ते सर्रास असतात आणि नुसत्या त्या ओळीवरून विसरभोळेपणाचं निदान होत नाही. रिपोर्ट ज्यांनी मागवला त्या डॉक्टरांनाच दाखवा. चक्कर कशानं येते हे ते तुम्हाला तपासून सांगतील, माझ्यासारखी संशोधक पत्रावरून सांगू शकत नाही. संशोधनातले आकडे अनेक माणसांच्या सरासरीचे असतात, ते एकाच माणसाच्या फिल्मला लावू नयेत. रस्ते पाठ करून मेंदूची झीज भरून निघते असं कोणी दाखवलेलं नाही. चालायला मात्र जरूर जा.

नातवाबद्दल : मॅग्वायर यांच्याबरोबर काम केलेले ह्यूगो स्पायर्स यांच्या गटानं २०१७ साली एक सुंदर प्रयोग छापला. २४ जणांना लंडनच्या सोहो भागात पायी फिरवलं आणि मग स्कॅनरमध्ये झोपवून त्याच रस्त्यांची चित्रफीत दाखवली. स्वतः वाट शोधायची होती तेव्हा नव्या रस्त्याच्या तोंडाशी आलं की हिप्पोकॅम्पसचं काम वाढायचं. समोर फाटे जास्त असतील तर आणखी वाढायचं. ‘आता डावीकडे वळा’ अशी सूचना मिळत होती तेव्हा ही चढउतार दिसली नाही. त्या वेळी तो भाग कामाला लागला नाही, एवढंच यातून कळतं. आक्रसला असं नाही. नातवाला कधीतरी म्हणा, “फडके रोडवरून घरी तू मला घेऊन चल, फोन खिशात.” तुम्हा दोघांनाही मजा येईल.

मेंदूच्या स्कॅनवरून खोटं बोलणं पकडता येतं का? न्यायालयात ते टिकेल का? – एक वकील, नागपूर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, भरवसा ठेवावा इतकं नाही. प्रयोगशाळेत राजीखुशीनं आलेल्या माणसांवर आकडे चांगले दिसतात. २०११च्या एका प्रयोगात मात्र त्याच माणसांना हातापायाची बोटं कोणाला कळणार नाही इतकी हलवायची युक्ती शिकवली आणि अचूकता एक तृतीयांशावर घसरली. दुसऱ्याचं उत्तर तुम्हीच मला शिकवावं, पण २०१०चा सेल्वी निकाल आपल्याला ठाऊक असेलच : नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. मला तो निकाल विज्ञानाच्या बाजूनंही योग्य वाटतो.

मी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करायचं आहे. घरचे म्हणतात, डॉक्टर नसताना मेंदूचं काम कोण देणार? हे काम रोज असतं तरी कसं? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

घरच्यांची काळजी समजते, पण त्यांना ही यादी वाचून दाखव. मॅग्वायर मानसशास्त्र शिकल्या होत्या, डब्लिनला. रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचं काम दिसू शकतं हे १९९०मध्ये दाखवणारे सेइजी ओगावा बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, आणि ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. मॅग्वायर यांच्याकडे पीएच.डी. करायला डेमिस हसाबिस आले ते कॉम्प्युटर सायन्स शिकून, कॉम्प्युटर गेम बनवून. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णांना त्यांनी सांगितलं, “तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात, काय दिसतं ते सांगा.” रुग्णांना धड चित्र उभं करता येईना, सुटेसुटे तुकडे सांगत. जुनं आठवणं आणि न घडलेलं कल्पनेत आणणं, दोन्हींना मेंदूचा हाच भाग लागतो, हे २००७ साली त्यातून पुढे आलं. त्याच हसाबिस यांना पुढे प्रथिनांच्या रचनेवरच्या कामासाठी २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालं.

आणि आपले भरत बिस्वाल. अमेरिकेत मिलवॉकीला विद्यार्थी असताना ते स्कॅनरमध्ये नुसत्या स्वस्थ पडून राहिलेल्या माणसांचे आकडे बघत होते. त्यातली संथ चढउतार म्हणजे गोंगाट, फेकून द्यायचा कचरा, असा तेव्हाचा समज. बिस्वाल यांना दिसलं की हात हलवणारा डावीकडचा भाग आणि उजवीकडचा भाग, दोन्ही एकाच लयीत वरखाली होतात, हात हलत नसतानाही. तो निबंध १९९५चा. आज जगभर ‘स्वस्थ मेंदू’वर चाललेलं प्रचंड संशोधन त्यातून उगवलं आहे.

आता रोजचं काम. स्कॅनच्या दिवशी स्वयंसेवक येतो. आधी लांबलचक प्रश्नावली : पेसमेकर आहे का, शस्त्रक्रियेत धातू बसवलाय का, वेल्डिंगचं काम केलंय का, कारण डोळ्यात लोखंडाचा कण असला तर धोका असतो. मग पिना, क्लिप, मंगळसूत्र, जोडवी, सगळं बाहेर. एखाद्या आजींची जोडवी निघत नाहीत, तिथे साबणपाणी घेऊन बसावं लागतं. स्कॅनरमधलं चुंबक ३ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या हजारो पट, आणि ते रात्रंदिवस चालू असतं. कानात बोळे, डोक्याभोवती जाळीदार चौकट, कानांशी स्पंज, डोळ्यांवर तिरका आरसा, त्यात पडदा दिसतो. हातात एक रबरी फुगा, घाबरलं तर दाबायला. तो कसा दाबायचा हे मी प्रत्येकाला आधी करून दाखवायला लावते. माणूस निश्चिंत असला तरच मान स्थिर ठेवतो, आणि मान दोन-तीन मिलिमीटर हलली तरी तासाभराचं काम वाया जातं.

हे झालं काही तासांचं. त्यानंतरचे महिने संगणकापुढे. प्रतिमेतला तीन मिलिमीटरचा एक ठोकळा म्हणजे आत लाखो पेशी. आपण त्यांचं काम थेट बघत नाही. रक्तप्रवाहातला बदल बघतो, तोही पाच-सहा सेकंद उशिरानं, आणि जेमतेम एक-दोन टक्क्यांचा. असे हजारो ठोकळे एकाच वेळी तपासले की काही नुसत्या योगायोगानं ‘उजळतात’. २००९मध्ये काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि हिशेबात काळजी न घेतल्यास त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ सापडते हे दाखवून दिलं. म्हणून सांख्यिकी मन लावून शिक. फिजिक्सवाल्यांना ती जड जाऊ नये.

त्याहून महत्त्वाचं, प्रश्न घडवायला शिक. यंत्र सगळ्यांकडे सारखंच असतं. कोणाची तुलना कोणाशी करायची हे सुचायला डोकं लागतं. मॅग्वायर यांचे बसचालक आठव. त्या एका तुलनेनं अर्ध्या शंका निकालात काढल्या, आणि त्यासाठी कुठलं महागडं यंत्र लागलं नव्हतं.

आपल्याकडे मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचं निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्था इथे हे काम चालतं. प्रवेशाचे नियम दरवर्षी त्यांच्याच संकेतस्थळावर बघ, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. एम.एस्सी. फिजिक्समधूनही तिथे जाता येतं. शिष्यवृत्तीत घर चालत नाही, फक्त तुझं चालतं, हे घरच्यांशी आधीच मोकळेपणानं बोल. पाच-सहा वर्षं जातात.

तोवर वाट बघत बसू नकोस. ओपनन्यूरो नावाच्या साठ्यात हजारो माणसांचे नावं काढून टाकलेले स्कॅन फुकट मिळतात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिक. स्वस्थ पडून राहिलेल्या एकाच माणसाचा स्कॅन उतरवून घे, डाव्या हाताचा भाग आणि उजव्या हाताचा भाग शोध, दोन्हींची वेळेनुसारची चढउतार काढ आणि बिस्वाल यांना दिसलेला संबंध तुला दिसतो का ते तपास. मधल्या वेळेला मान हललेली दिसली तर ते भाग वगळून पुन्हा कर आणि उत्तर किती बदललं ते टिपून ठेव. दोन्ही आलेख मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव. मी बघेन.